ठाम एकेचाळीस

गवसबाईंचं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायचं ठरवलं होतं. निदान ठरवलं होतं असं मला वाटतं. ते पत्र मी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलं आणि रोज सकाळी खंड उघडून ते जागेवर असल्याची खात्री करून घेत राहिलो. उत्तर काही गेलं नाही.

पत्र जाड काळ्या मार्करने लिहिलेलं होतं. ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, दोन-तीन ठिकाणी अक्षरं एकमेकांवर चढलेली.

'पेडणेकर, माझ्या डोळ्यांनी राजीनामा दिला आहे. समोर बघितलं की माणसाच्या चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसतो. कान मात्र छान दिसतात. पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र घेतलंय. ते चुकत नाही, अडखळत नाही, आणि मला झोप येते. सावंतवाडीचं घर मोठं आहे. पुढची खोली रिकामी आहे. इतकी वर्षं मी वाचलं आणि तुम्ही ऐकलंत, आता उलट करू या का? लोक काय म्हणायचं ते म्हणोत, मला त्यांचे चेहरे दिसत नाहीत. माझं ठाम सत्त्याऐंशी आलं. तुमचं मी विचारत नाही. भाच्याची बायको गाडी चालवते, तेव्हा मी न्यायला येऊ शकते. पण बोलावल्याशिवाय येणार नाही.'

गवसबाई आणि मी कोल्हापूरच्या एका छापखान्यात समोरासमोर बसून प्रुफं वाचत असू. हाताने लिहिलेली मूळ प्रत त्यांच्याकडे, छापलेला कागद माझ्याकडे. त्या मोठ्याने वाचायच्या, मी पेन्सिलीने खुणा करायचो. विरामचिन्हंही म्हणायची, असा आमचा रिवाज होता. "राजा म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येतो पूर्णविराम अवतरण बंद." पुढे ही सवय त्यांच्या बोलण्यातच मुरली. "पेडणेकर स्वल्पविराम चहा आलाय उद्गारचिन्ह," असं म्हणून त्या कप माझ्याकडे सरकवायच्या. त्यांचे यजमान तेव्हा हयात होते, माझी नलिनीही होती. आमच्यात प्रुफांपलीकडे काही नव्हतं. पण प्रुफं मात्र पुष्कळ होती.

आता ठामबद्दल सांगायला हवं.

आपण दोन गोष्टींतली एक निवडतो तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या घडीत, एक पट्टा जागा होतो. दोन्ही पर्याय सारखेच ओढत असतील तर तो जास्त चेततो. त्याचे पडसाद शरीरभर उमटतात. डोळ्यांच्या बाहुल्या किंचित मोठ्या होतात, बोटांच्या कातडीवर न दिसणारा घाम येतो, नाडीची लय बदलते. हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. नवीन होतं ते हे सगळं एका अंगठीत आणि चष्म्याच्या दांडीत बसवून त्याचा एक आकडा काढणं. आतला विरोध जितका कमी तितका आकडा मोठा. सरकारी नाव निश्चयमापक, पण लोक त्याला ठाम म्हणू लागले. "तुझं ठाम किती आलं?" असं मुलं परीक्षेला जाताना एकमेकांना विचारतात.

कायदा आला तो आम्हा म्हाताऱ्यांच्या काळजीपोटी. यंत्रं मुलांचे, नातवंडांचे हुबेहूब आवाज काढून म्हाताऱ्यांकडून फोनवर काय वाटेल ते कबूल करून घेऊ लागली होती. संशोधकांनी फसलेल्यांचा अभ्यास केला. 'हो' म्हणताना त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आत विरोध चालू होता, असं दिसलं. त्यावरून असं ठरलं की आतला विरोध मोठा असेल तर तो निर्णय माणसाचा स्वतःचा धरायचा नाही. सत्तरी ओलांडलेल्याने काही महत्त्वाचं ठरवलं तर ठाम पासष्टच्या वर हवं. तसं नसेल तर निर्णय पुढे ढकलायचा. तीनदा ढकलला गेला की तो विश्वस्ताकडे जातो. माझा विश्वस्त माझा मुलगा, सौरभ.

या कायद्याने हजारो लोक वाचले असतील. मी त्याच्या विरुद्ध आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही. अडचण एवढीच की माझा आकडा कधी पन्नासच्या वर गेलेला नाही. चहा की कॉफी विचारलं तरी अंगठीवर आकड्याशेजारचा दिवा नारिंगी होतो. सौरभ लहानपणी माझी चेष्टा करायचा, "बाबा भेंडी निवडायला बसले की भेंडी जून होते." आता त्या चेष्टेला शास्त्राचा आधार मिळाला आहे.

अंगठी काढून ठेवावी म्हटलं तर बोटाच्या सांध्याला सूज, ती निघत नाही. केंद्रात जाऊन कापून घेता येते. त्यासाठी ठाम पासष्ट लागतं.

फोनवरून गवसबाईंना उत्तर पाठवायचा प्रयत्न मी केला होता. 'या, मी वाट बघतो,' एवढंच लिहिलं. फोन म्हणाला, "या मजकुरात वचन आहे. आपला निश्चय सध्या पुरेसा नाही. उद्या पुन्हा विचारू?" दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तोवर मला 'वाट बघतो' हे शब्द फार वाटू लागले होते. ते काढले. नुसतं 'या' उरलं, ते उर्मट वाटलं. फोनने परत उद्यावर टाकलं. एसटीचं तिकीट काढू म्हटलं तर घरापासून लांबच्या प्रवासाला पुन्हा तेच.

राजारामपुरीतल्या निश्चय केंद्रात माझी तिसरी आणि शेवटची खेप होती. तिथल्या समुपदेशक कदममॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी माझा चष्मा सरळ केला, अंगठी पुसली आणि प्रश्न विचारला.

"आजोबा, यापुढे कुठे राहायचं?"

"सावंतवाडीला."

"एकेचाळीस."

"मागच्या वेळेपेक्षा वाढलं," मी म्हणालो.

"दोनने." त्या हसल्या. "आता असं करू. फक्त चांगलं चांगलं डोळ्यांसमोर आणा. वाईट येऊ लागलं की श्वासाकडे लक्ष द्या."

मी डोळे मिटले. पुढची खोली आणली, खिडकी आणली, पुस्तकांचं कपाट आणलं. गवसबाई खुर्चीत बसून ऐकताहेत. मग मनात आलं, मी घोरतो. न्हाणीघर एकच असेल का? भाच्याच्या बायकोला काय वाटेल? वाचताना माझा आवाज बसतो. आणि गवसबाईंना छापखान्यातला पेडणेकर आठवतोय, हा आत्ताचा त्यांना नकोसा झाला तर?

"अडतीस," कदममॅडम म्हणाल्या.

मी डोळे उघडले. "मॅडम, लग्नाला होकार दिला तेव्हा हे यंत्र असतं तर माझं तीससुद्धा आलं नसतं. पण संसार झाला. चांगला झाला."

"तेव्हा मनात काय होतं?"

"भीती होती. तरीही हो म्हटलं."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "हे 'तरीही' मोजता येत नाही, आजोबा. यंत्राला आतला विरोध दिसतो. तो ओलांडून माणूस पुढे गेला का, ते दिसत नाही. शिवाय तुलना सगळ्यांच्या सरासरीशी होते. त्यावर काम चालू आहे म्हणतात."

"किती वर्षं लागतील?"

त्यांनी माझी तिसरी नोंद बंद केली आणि नियम वाचून दाखवला. महिनाअखेरपासून विश्वस्ताचा निर्णय लागू. सौरभने पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात माझं नाव आधीच घातलं होतं. उठताना त्यांनी हळूच विचारलं, "सावंतवाडीचं कुणी स्वतः येऊन, स्वतःच्या जबाबदारीवर तुम्हाला नेणारं आहे का? तर त्यांचं ठाम चालतं. पण महिनाअखेरच्या आत. नंतर नाही."

"आहे. पण बोलवावं लागेल."

"मग बोलवा की!"

हे त्यांनी किती सोपं करून सांगितलं! मी मान हलवली. अंगठी नारिंगीच होती.

घरी परतल्यावर जिन्यात आप्पा देशमाने भेटले. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ठाम सदा नव्वदच्या वर, त्यामुळे आमच्या इमारतीत त्यांना मान आहे.

"काय पेडणेकर, लागला वाटतं निकाल?"

"लागला."

"अहो, डोकं बंद ठेवायचं! मी बघा, परवा सांगलीला जायला बेळगावच्या गाडीत बसलो. ठाम चौऱ्याण्णव! हिरवागार!"

"मग?"

"मग काय, बेळगाव बघून आलो." ते खदखदून हसले. "कुंदा आणलाय, या खायला."

मी कुंदा खायला गेलो नाही. जावं की न जावं हे ठरेपर्यंत संध्याकाळ झाली.

शनिवारी सौरभ पुण्याहून गाडी आणि रिकामी खोकी घेऊन आला. सामान आज आणि मी महिनाअखेरीला, असं त्याने ठरवलं होतं. मुलगा चांगला आहे. आल्या आल्या त्याने माझी औषधं नीट लावली, गॅसची नळी तपासली. खोक्यांवर जाड मार्करने 'कपडे', 'औषधं', 'भांडी' असं लिहू लागला.

"पुस्तकांची दोन खोकी चालतील म्हणाले, बाबा. जास्तीची विनंती केली होती मी, पण खोल्या लहान आहेत."

"बरं."

"कोणती घ्यायची ते तुम्ही काढून ठेवा." मग जीभ चावून म्हणाला, "नाहीतर मीच काढतो."

मी कपाटासमोर उभा राहिलो. शब्दकोशाचा दुसरा खंड हातात घेतला. तो दोन खोक्यांत बसणार होता की मागे राहणार होता, मला कळेना. पत्राची कड बाहेर डोकावत होती.

"सौरभ, मला पुण्याला नाही जायचंय. सावंतवाडीला जायचंय. गवसबाईंकडे."

तो वळला, आणि त्याने सगळ्यात आधी माझ्या बोटाकडे बघितलं. अलीकडे तो असंच करतो. मी बोलू लागलो की त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर न थांबता खाली अंगठीवर उतरते. बाजारात लोक वजनकाट्याकडे बघतात तशी.

"छापखान्यातल्या गवसकाकू? त्या तिकडे असतात?"

मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने ते उभ्याउभ्याच वाचलं. कानांच्या वाक्यावर त्याला हसू आलं, ते मी बघितलं.

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"खात्री झाली की सांगणार होतो."

"झाली?"

"नाही."

त्याने पुन्हा अंगठीकडे बघितलं. "एकोणचाळीस. बाबा, तुमचं तुम्हालाच नक्की नाही."

"नाहीच आहे. तरीही जायचंय."

"अहो, मग मी काय समजायचं?" तो खोक्यावर बसला. "समजा मी सोडलं तुम्हाला, आणि उद्या तिकडे काही झालं. बाथरूममध्ये पाय घसरला. सगळे मला विचारतील, एकोणचाळीसवर पाठवलंस कसं? विश्वस्त म्हणून माझी सही आहे. आणि खरं सांगू? मी स्वतःलाच विचारेन."

"बोटाकडे नको बघू. इकडे बघ."

त्याने बघितलं. खरंच बघितलं, पण जरा वेळच. मग नजर आपोआप खाली गेली. त्याचा दोष नाही. मीसुद्धा त्याच वेळी अंगठीकडेच बघत होतो.

तो 'भांडी'चं खोकं उचलून खाली गाडीत ठेवायला गेला. मार्कर टेबलावर राहिला.

मी खुर्चीत बसलो आणि मला छापखान्यातला तो शेवटचा कागद आठवला. पुस्तक छापायला जाण्याआधी शेवटच्या प्रुफावर वाचणाऱ्याने 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायची असते. त्यानंतर यंत्र सुरू होतं आणि चूक हजारो प्रतींवर जाते. मला ती सही करताना दर वेळी घाम फुटायचा. पेन धरून मी तसाच बसून राहायचो, बाहेर यंत्रावरची माणसं खोळंबायची. एकदा आमच्या व्यवस्थापकांनी वैतागून ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचं म्हटलं. तेव्हा गवसबाई त्यांना म्हणाल्या, "नको. ज्याला शंका नाही तो वाचतच नाही. मला पेडणेकरांचीच सही हवी." मग माझ्याकडे वळून, "करा हो. आम्ही काही तुमची खात्री मागत नाही, सही मागतोय."

आणि मी सही करायचो. प्रत्येक वेळी. शंका खिशात घेऊन घरी जायचो. इतकी पुस्तकं माझ्या हाताखालून गेली, त्यांतलं एकही मी खात्रीने सोडलेलं नव्हतं. आणि एकही अडवून ठेवलेलं नव्हतं.

मी शब्दकोशाशेजारचा पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा ओढला. जुन्या प्रुफांच्या मागच्या बाजू, मी फेकत नाही. मार्करचं टोपण काढलं. गवसबाईंना समोरचं दिसत नाही, म्हणजे हे पत्र कुणीतरी त्यांना वाचून दाखवणार. बहुधा भाच्याची बायको. म्हणून मी मोठं मोठं लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणत गेलो, जसं त्या म्हणायच्या. जे म्हणत होतो तेच हातातून उतरत गेलं.

'गवसबाई स्वल्पविराम तुमचं पत्र पोचलं पूर्णविराम खात्री झाली की लिहावं म्हणून थांबलो होतो पूर्णविराम ती झालेली नाही पूर्णविराम माझं ठाम एकेचाळीस आहे स्वल्पविराम चांगलं चांगलं डोळ्यांसमोर आणलं तर अडतीस पूर्णविराम मी घोरतो पूर्णविराम वाचताना आवाज बसतो पूर्णविराम सौरभला काळजी वाटते स्वल्पविराम मलाही वाटते पूर्णविराम तरीही महिनाअखेरच्या आत मला न्यायला या पूर्णविराम तुम्हाला बोलावतो आहे पूर्णविराम'

सही केली. नेहमीसारखा घाम फुटला, म्हणजे सही माझीच होती. 'तरीही'नंतर स्वल्पविराम हवा होता का, असं लगेच मनात आलं. कच्चं लिखाण पक्कं करायला नवा कागद घ्यावासा वाटला. पण मार्करने खोडता येत नाही, आणि दुसरा कागद घेतला असता तर तिसराही घेतला असता. मी घडी घातली. लिफाफा ड्रॉवरमध्ये होता, त्यावर तिकीट कधीचं चिकटवून ठेवलेलं होतं.

फोनने माझं म्हणणं ऐकलं होतं. तो म्हणाला, "आपण एक मजकूर बोललात. पाठवायचा आहे का? आपला निश्चय सध्या पुरेसा नाही."

"तू राहू दे," मी म्हणालो.

खाली गाडीत सौरभ खोकी लावत होता. मी शेजारी जाऊन बसलो.

"पोस्टाच्या पेटीपाशी नेशील? महिनाअखेरच्या आत पोचायला हवं."

त्याने माझ्या हातातला लिफाफा बघितला. जाड अक्षरातलं 'सावंतवाडी' त्याला वाचता आलं असणार. त्याने गाडी काढली. ताराबाई पार्कातल्या एका भिंतीत पेटी अजून आहे. लाल रंग उडालेला, तोंडावरची झडप जड झालेली. त्याने इंजिन बंद केलं.

"द्या, मी टाकतो."

"नको."

तो माझ्यामागून उतरलाच. मी पडेन अशी त्याला भीती वाटत असावी. झडप उचलून मी पत्र आत सरकवलं, पण सोडलं नाही. हात मनगटापर्यंत पेटीत गेला. आतलं लोखंड गार होतं. मला वाटलं, शेवटचं वाक्य फार हुकूम केल्यासारखं झालं का? त्या आल्या आणि मी दारातच कच खाल्ली तर? न्हाणीघराचं विचारायला हवं होतं. शंका एकामागून एक आल्या, नेहमीच्या ओळखीच्या, आणि मी तसाच उभा राहिलो, छापखान्यात पेन धरून बसायचो तसा. अंगठी आत होती. दिवा मला दिसत नव्हता आणि सौरभलाही दिसत नव्हता.

मी बोटं सोडली. पत्र तळाला आपटल्याचा आवाज आला. पेटी रिकामी असावी.

मी हात बाहेर काढला. सौरभ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"वेळेत पोचेल का हो, बाबा?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो, आणि झडप बोटाने नीट बंद केली.